डोंबाऱ्याची चाल

सतरा वर्षं पुंजारामनं सनईला हात लावला नव्हता, आणि त्याबद्दल कुणी हळहळ दाखवली की त्याला राग यायचा. गावात हळहळणारे पुष्कळ होते. "पुंजाराम, काय वाजवायचास रे तू!" असं म्हणत आणि मान अशी हलवत, जणू सनई पुंजारामची नव्हे, त्यांचीच गेली होती.

वाटूर फाट्यापासून दीड कोसावरचं हे गाव, सावरखेडा. छप्पन साली दीक्षा घेतली आणि पुढच्याच उन्हाळ्यात वस्तीनं बसून ठरवलं, की आता गावकीची कामं बंद. मेलेली गुरं ओढायची नाहीत, दारोदार भाकर मागायची नाही, कुणाच्या लग्नात वाजवायचं नाही. आज जिथं विहार आहे तिथं तेव्हा नुसता चौथरा होता. त्या चौथऱ्यावर हलग्या, डफ, संबळ यांचा ढीग लागला. पुंजारामनं आपली शिसवीची सनई स्वतःच्या हातानं त्या ढिगावर ठेवली आणि काडीही त्यानंच ओढली. सनई त्याच्या आज्याची होती. त्याला त्याचा पस्तावा कधी झाला नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचताना कुणाचा उगाच गैरसमज व्हायचा.

सगळं बरं चाललं होतं. मधे आला तो डोंबारी.

डोंबारी म्हणजे चिमणीएवढं पाखरू, पोट काळं आणि डोकं राखेच्या रंगाचं. शाळूची कापणी झाली की उघड्या माळावर त्याचे खेळ सुरू होतात. आधी तो वर चढतो, पायऱ्या पायऱ्यांनी, थांबत थांबत. मग पंख मिटतो आणि धोंडा सुटावा तसा खाली येतो. पडता पडता एक लांब शीळ घालतो. ती शीळही त्याच्यासंगती खाली उतरत जाते. जमीन हातभर राहते, बघणाऱ्याचा जीव वर येतो, आणि हा गडी झटक्यात वळून पुन्हा आभाळात जातो. शीळही वळते. बुडता बुडता अंग सावरून वर निघते.

पुंजारामचे गुडघे गेले तेव्हापासून मजुरी सुटली होती आणि दोन शेळ्या घेऊन तो माळावर बसायचा. पाखरू त्यानं आधीही हजारदा पाहिलं असेल. पण पोटासाठी वाजवणाऱ्याला पाखरं ऐकायला फुरसत नसते. आता ती होती. बहात्तरच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यानं ती शीळ कान देऊन ऐकली आणि त्याच्या बोटांनी काठीवर आपोआप भोकं शोधली. त्यानं काठी बाजूला टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं.

तीस वर्षं त्यानं जे वाजवलं ते सगळं दुसऱ्यांनी शिकवलेलं होतं. नवरदेव मारुतीला निघाला की ही चाल, हळद लागली की ती, पोरगी वाटेला लावताना तिसरी. त्यातली एकही त्याची स्वतःची नव्हती. आता साठी उलटल्यावर, कुणी न सांगता, कुणाच्या दारात उभं न राहता, त्याला काहीतरी सुचत होतं. आणि वाजवायला हातात काही नव्हतं. हसावं की रडावं असा हा प्रकार होता, आणि त्यानं दोन्ही केलं, माळावर, शेळ्यांच्या समोर.

मग त्यानं एक तोड काढली. घरामागं न्हाणीच्या पाण्यावर पपईचं झाड वाढलं होतं. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. बंद टोकाशी चाकूनं एक जीभ सोडायची, खाली भोकं पाडायची, की झाली पिपाणी. लेकरं करतात तशी. चीक ओठाला चरचरायचा, पण आवाज यायचा. सकाळी केलेली पिपाणी संध्याकाळपर्यंत सुकून मऊ पडायची, मग ती तो शेळीला घालायचा. म्हणजे वाद्य असं काही उरतच नव्हतं. सनईला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. पानाच्या देठाबद्दल वस्तीत कुणी काही बोललं नव्हतं. पुंजारामनं स्वतःची अशी समजूत घालून घेतली, आणि ती त्याला बराबर पटलीही.

"अवो, झाड बोडकं झालं," त्याची बायको सगुणाबाई म्हणायची. "रोज एक पान कशाला तोडता?"

"शेळीला."

"शेळी खाती का पपई?"

"देठ खाती," तो म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं.

चालीला दोन उन्हाळे लागले. श्वास सोडत सोडत सूर खाली पाडणं कुठलाही वाजवणारा करील. कठीण होतं ते शेवटचं वळण. पार तळाशी, छातीत काहीच उरलं नाही असं वाटत असताना, गालात राखलेल्या चिमूटभर हवेवर तोच सूर उचलायचा, आणि तो तुटू द्यायचा नाही. हवा क्षणभर आधी सोडली तर सूर नुसता खरखरायचा, नंतर सोडली तर विझून जायचा. पिपाणीवर दहा वेळा केलं तर एकदा यायचं. सनईवर ते कसं येईल हे त्याला माहीत होतं. डोळे मिटले की त्याला ते ऐकू यायचं, आणि आपण मेलो की हे आपल्यासंगतीच जाणार, हेही त्याला माहीत होतं. त्याला हाच एक घोर लागला होता. दुसरं कसलंही मागणं त्या माणसाचं उरलं नव्हतं.

चौऱ्याहत्तरच्या चैत्रात एका सकाळी ते दहातलं एक आलं. पिपाणी तोंडातून काढली तर मागं मोटारसायकलजवळ अण्णासाहेब उभे. माळ त्यांचाच, गावातली निम्मी काळीही त्यांचीच. गाडी केव्हा बंद केली ते पुंजारामला कळलंच नव्हतं.

"पुंजाराम," अण्णासाहेब म्हणाले, "अंगावर काटा आला बघ. कुणाची रे ही चाल?"

"त्याची," पुंजारामनं वर बोट केलं. वर काहीच नव्हतं. पाखरू ढेकळाआड बसलं होतं.

अण्णासाहेब माणूस वाईट नव्हता. त्याला सुरातलं खरंच कळत होतं, आणि पंचाईत तिथंच होती. ते पुंजारामशेजारी खाली मातीत बसले. धोतराला कुसळं लागली तरी उठले नाहीत.

"आमच्या बेबीनंदाचं लग्न हाय वैशाखात. तू वाजव. उद्या जालन्याला जातो, चांगली सनई आणतो. मांडवात खुर्ची देतो तुला, पाहुण्यांच्या रांगेत. मान म्हणून वाजव, काम म्हणून नको."

पुंजारामच्या कानात खुर्ची शिरलीच नाही. त्याच्या कानात सनई शिरली. नवी सनई, तोंडाला घट्ट पत्ती, आणि ते वळण. 

"न्हाई अण्णासाहेब. आमी सोडलंय ते."

"मंग हे काय करून राह्यला?"

"हा देठ हाय."

अण्णासाहेब हसले नाहीत. धोतराची कुसळं काढत म्हणाले, "बरं, तू नको वाजवू. कडूबाला शिकव. वाजवंल तो. तू सोडलेलं सोडलेलंच राह्यतं, अन् चाल बी जगती."

यावर पुंजारामनं रात्रभर विचार केला असं म्हणायची पद्धत आहे, पण त्यानं तेवढा वेळ लावला नाही. गाडीचा धुरळा बसायच्या आत त्याचं ठरलं होतं.

कडूबा मातंग वस्तीतला, तिशीचा, फेंगड्या पायांचा आणि मोठ्या छातीचा. बौद्ध वस्तीनं वाजवणं सोडलं तेव्हापासून गावातली सगळी लग्नं त्याच्या घरावर आली होती. तो दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर आला, पुंजारामच्या पायाला हात लावायला वाकला, आणि पुंजारामनं त्याला मधेच धरलं.

"पाया नको पडू. आमच्यात न्हाई."

"मंग काय करू, उस्ताद?"

"ऐक."

पुंजारामची शिकवायची रीत जुनी होती, त्याच्या चुलत्याची. चालीचे तुकडे पाडायचे. पहिला तुकडा तीन दिवस, दुसरं काही विचारायचं नाही. पहिला हाडात मुरला की मग दुसरा. घाईनं पुढचा तुकडा दिला की मागचा कच्चा राहतो, असं चुलता म्हणायचा आणि कानफटात द्यायचा. पुंजारामनं कानफटात दिली नाही, पण रीत मोडली नाही. आधी चढणं, मग पडणं, आणि वळण सगळ्यांत शेवटी.

कडूबाचा दम जबर होता. दोन तुकडे सहा दिवसांत बसले. सनईवर डोंबारी आभाळातून सुटला आणि जमिनीकडं येऊ लागला तेव्हा पुंजारामला आपल्या हातापायांना मुंग्या आल्यासारखं झालं. जे डोळे मिटून ऐकलं होतं ते उघड्या डोळ्यांनी ऐकू येत होतं. तो एवढा आनंदला, की शेळी अण्णासाहेबांच्या कडब्यात घुसली तेही त्याला दिसलं नाही.

"आता पुढचं सांगा की," कडूबा म्हणाला.

"उद्या. आज हेच घोट."

कडूबानं सनई धोतरानं पुसली आणि त्याच्यापुढं धरली. "एकडाव तुम्हीच वाजवून दावा ना, उस्ताद. इथं कोण बघतंय?"

पुंजारामचा हात उठला होता. त्यानं तो परत मांडीखाली घेतला. "सरकव तिकडं. माझ्याजवळ आणू नको."

"तुमचं बरंय," कडूबा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही सोडलं, बराबर केलं. पण तुमच्या वाटणीचं बी आमच्याच गळ्यात आलं. माझा पोरगा सात वर्षांचा हाय, संबळ धराया लागला. त्याला म्हणलं शाळेत जा, तर पाटलाचा माणूस दारात हुभा."

पुंजारामनं शेळ्या गोळा केल्या. 

त्या दिवशी त्याचा मुलगा धर्मराज वाटूरहून लवकर परतला. तिथल्या शाळेत तो मास्तर होता, रोज सायकलनं जायचा-यायचा. फाट्यावरच्या हॉटेलात अण्णासाहेब चारचौघांना सांगत होते, की आमच्या घरच्या लग्नात पुंजारामची चाल वाजणार हाय, तो सोता शिकवून राह्यला. हॉटेलातल्या लोकांनी मास्तरकडं पाहिलं होतं. त्यातल्या एकानं चहाचा कप खाली ठेवत विचारलं होतं, "मंग काय मास्तर, परत सुरू का?"

धर्मराज घरात आरडाओरडा करणाऱ्यांतला नव्हता. त्यानं सायकल भिंतीला लावली, हातपाय धुतले, आणि बापासमोर बसला.

"बाबा, कडूबाला शिकवता तुम्ही?"

"वाजवत न्हाई मी. शिकवतो निसतं."

"लग्न कुणाचं?"

पुंजारामनं काठी भिंतीशी सरकवली.

"मांडवाच्या भायेर तुम्ही उन्हात वाजवायचा," धर्मराज म्हणाला, "अन् मी तुमच्या पायापाशी बसून राह्यचो. आठ-नऊ वर्षांचा होतो. समद्यांच्या पंगती उठल्या की मंग आपल्याला वाढायचे. पत्रावळीवर उरलेलं आईच्या फडक्यात बांधायचे. मला त्या उष्ट्याची चव अजून ध्यानात हाय बाबा. गोड लागायची. लई गोड लागायची. ते मला आजबी सहन होत न्हाई."

सगुणाबाई चुलीपुढून उठून आत गेली.

"ही चाल त्यांची न्हाई रे," पुंजाराम म्हणाला. "लग्नाची न्हाई. माझी हाय. पाखराची हाय." आणि त्याला वाटलं, आपण हे इतकं वाईट सांगून राह्यलो, की ऐकणाऱ्याला वेडच वाटेल.

"तुमची असंल. पण वाजणार त्यांच्या दारात. अन् वाजवणार कडूबा. त्याला तिथून काढायचं का त्याचं तिथं आणखी पक्कं करायचं? तुम्हीच काडी लावलती ना? मी लोकाच्या लेकरांना तुमचीच गोष्ट सांगतो बाबा. आता काय सांगू?"

  पोराचा एक शब्दही खोटा नव्हता. आणि माळावरचं ते पाखरूही खोटं नव्हतं. दोन खऱ्या गोष्टींच्या मधे माणसानं कुठं उभं राहायचं, हे पुंजारामला कुणी शिकवलं नव्हतं. त्याला पोराचा राग आला नाही. आला असता तर फार सोपं झालं असतं.

"एक दिवस," तो म्हणाला. "एकच तुकडा राह्यलाय. तेवढा देतो अन् सोडतो."

"आज सोडायचं असंल तर सोडा," धर्मराज म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "उद्याचं मी धरत न्हाई."

पुंजारामनं शब्द दिला.

सकाळी त्यानं शेळ्या सोडल्याच नाहीत. वस्तीच्या कडेला निवडुंगाचं कुंपण होतं, तिथून माळ दिसायचा. तो कुंपणाआड उभा राहिला. कडूबा आला, सनई मांडीवर घेऊन बसला. चढला, पडला, थांबला. वस्तीकडं मान वळवून बघितलं. पुन्हा चढला, पडला, थांबला. त्याच्या डोक्यावर खरा डोंबारी खेळत होता, चढत होता, पडत होता आणि वळत होता. वर बघ, गाढवा, पुंजाराम मनात म्हणत होता. त्यालाच विचार. पण कडूबा वाटेकडंच बघत राहिला. माणसाकडून शिकायची सवय लागलेला तो. पाखराकडून काही घ्यायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि वर बघितलं असतं तरी काय? पुंजारामला ते जमवायला दोन उन्हाळे लागले होते. कडूबाला त्या वैशाखात सात लग्नं होती.

आपण शेवटचा तुकडा आधी का नाही दिला? चुलत्याची रीत, तीन तीन दिवस. सहा दिवस हातात होते.  उन्हं चढल्यावर कडूबा उठला, सनई फडक्यात गुंडाळली, आणि एकदाही मागं न बघता गेला.

दुपारी सगुणाबाईनं पपईचं एक पान स्वतःच तोडून त्याच्यापुढं ठेवलं. तिला सगळं केव्हाचंच ठाऊक होतं. पुंजारामनं ते शेळीपुढं टाकलं, आख्खं, देठासकट.

लग्न वैशाख शुद्धात होतं. अण्णासाहेबांनी जालन्याहून लाउडस्पीकर आणला होता. एक कर्णा मांडवावर, एक मारुतीच्या देवळावर, आणि एक नेमका वस्तीच्या बाजूच्या लिंबावर. दुपारी तीनला नवरदेव मारुतीला निघाला. वस्तीतली माणसं आपापल्या दारात, सावलीत बसली होती. रविवार होता, धर्मराजही घरीच होता. तो दारात उभा राहून वर्तमानपत्र वाचत असल्यासारखं करत होता.

कर्ण्यातून खरखर आली आणि मग अण्णासाहेबांचा आवाज. मोठ्या मनानं, भरल्या गळ्यानं ते सांगत होते, की मंडळी, आता जी चाल तुम्ही ऐकणार ती आपल्या गावच्या पुंजारामची हाय. आज तो इथं आला न्हाई, पण त्याची कला आली. टाळ्या झाल्या. त्या टाळ्याही कर्ण्यातून आल्या.

वस्तीतल्या सगळ्या माना पुंजारामच्या दाराकडं वळल्या.  पलीकडच्या ओट्यावरचा संपत उठला आणि घरात गेला, आणि आत जाताना त्यानं दार लावून घेतलं. हा संपत सत्तावन्न साली ढिगावर पहिली हलगी ठेवणारा माणूस. पुंजारामला ओरडून सांगावंसं वाटलं, की मी शब्द पाळला रे, मी मधेच सोडलं. पण कर्ण्याच्या आवाजापुढं त्याचा आवाज कुठवर पोचणार?

कडूबानं सनई लावली. झकास लावली. डोंबारी चढू लागला, पायरी पायरीनं, सगळ्या गावावर चढला. वर क्षणभर थांबला. मग सुटला. असा सुटला, की पुंजारामनं ओट्याची कड घट्ट धरली. खाली, खाली, आणखी खाली. आणि तिथं चाल संपली.

पाखरू जमिनीवर आपटलं होतं. दुसरा शब्द नव्हता त्याला.

मांडवात लोक वाहवा करत होते. त्यांना काय ठाऊक? कडूबानं संबळाच्या दोन ठोक्यांवर पुन्हा सुरुवात केली. पुन्हा चढला, पुन्हा सुटला, पुन्हा आपटला. नवरदेवाचं घोडं मारुतीपर्यंत पोचायला अर्धा तास लागणार होता, आणि अण्णासाहेबांना हीच चाल हवी होती.

धर्मराजनं वर्तमानपत्र घडी करून खाली ठेवलं. तो बापाशेजारी ओट्यावर बसला. बराच वेळ ऐकत राहिला. एवढ्या वर्षांत त्यानं बापाचं असं काही कान देऊन ऐकलं नव्हतं. लहानपणी ऐकलं ते भुकेल्या पोटी आणि उन्हात.

"बाबा," तो हळू म्हणाला, "तुमची चाल अशीच हाय का? एवढीच?"

पुंजारामनं त्याच्याकडं पाहिलं. पोराच्या तोंडावर राग नव्हता. पहिल्यांदाच तो खरोखर विचारत होता. न्हाई म्हटलं तर पुढचं सांगावं लागलं असतं. ते वळण कसं होतं, आणि त्या एका दिवसात काय देणं राहिलं ते. मग हे पोरगं जन्मभर तो एक दिवस उरावर घेऊन सायकलनं वाटूरला गेलं असतं आणि आलं असतं.

"हाय," पुंजाराम म्हणाला. "अशीच हाय."

"चांगली हाय," धर्मराज म्हणाला, आणि बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

कर्ण्यात कडूबा पुन्हा चढू लागला होता. पुंजाराम हलला नाही. पण दर खेपेला चाल जिथं संपत होती तिथं त्याचे गाल आपोआप फुगत होते, आणि राखलेली हवा तो तोंड मिटून गिळत होता.